चार बोटांचं अंतर

भयपट बघताना मी डोळे झाकते. दोन्ही पंजे तोंडावर, बोटांत हवी तेवढी फट. चाळिशी उलटली तरी ही सवय सुटलेली नाही, आणि ती सुटावी असं मला फारसं वाटतही नाही.

गेल्या महिन्यात एका रात्री घरातले सगळे झोपले होते आणि मी एकटीच टीव्हीसमोर होते. पडद्यावर एक बाई हातात दिवा घेऊन जिना चढत होती. वरच्या दाराआड काहीतरी आहे हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आवाज वाढत चालला, तशी शेजारच्या खोलीतल्या मुलीची झोप मोडेल म्हणून मी रिमोटवरचं म्यूटचं बटण दाबलं.

आणि भीती गेली. ओसरली वगैरे नाही, फुंकर मारल्यासारखी गेली. बाई तीच, जिना तोच, अंधारही तेवढाच. पण आता मला भलतंच दिसायला लागलं. जिन्याच्या कठड्याला नुकतंच पॉलिश केलेलं होतं. बाईच्या हातात दिवा असूनही तिच्या चेहऱ्यावरचा उजेड कुठून तरी दुसरीकडूनच येत होता. कानातलं मघाच्या शॉटमध्ये होतं की नव्हतं, याचा मी विचार करू लागले. दार उघडलं, आतून काहीतरी अंगावर आलं, बाईने आ वासला. मला जांभई आली.

दुसऱ्या रात्री उलटा प्रयोग केला. तोच प्रसंग, आवाज चालू, मी टीव्हीकडे पाठ करून बसलेली. पायरी करकरली. बाईचा श्वास. पुन्हा पायरी. मग श्वासही थांबला आणि नुसतीच शांतता. काय होणार हे मला आदल्या रात्रीपासून माहीत होतं, तरी पाठीला मुंग्या आल्या आणि मान आपोआप वळली. म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या अवयवावर हात ठेवत होते.

खरं आणि खोटं यांत चार बोटांचं अंतर, असं आपल्याकडे म्हणतात. डोळा आणि कान यांच्यामधलं हे अंतर. डोळ्यांनी पाहिलं ते खरं, कानांनी ऐकलं ते खोटं. आपली भाषाच कानावर डूख धरून आहे. कान भरतात, कान फुंकतात, माणूस हलक्या कानाचा असतो. डोळ्याचा मात्र थाट बघा: विचारी माणूस तो डोळस. सिनेमाही आपण 'बघतो'. "काल एक छान सिनेमा ऐकला" असं कोणी म्हटलं तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करावी लागेल.

सिनेमावाल्यांनी ही म्हण ऐकलेली नसावी, किंवा ऐकून नीट उलटी केली असावी. ते सगळं खोटं कानातून आत सोडतात आणि श्रेय डोळ्याला देतात.

बोलपट आले तेव्हा अमेरिकेतल्या युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचा एक माणूस होता. चित्र पडद्यावर चालू असताना ते बघत बघत पावलं, कपड्यांची सळसळ, वस्तू उचलण्या-ठेवण्याचे आवाज हाताने करून ध्वनिमुद्रित करायचे, ही त्याची पद्धत. आजही या कामाला 'फोली' म्हणतात आणि ते अजूनही बऱ्याच अंशी हातानेच होतं. फोलीच्या खोलीत वाळू, खडी, लाकडी फळ्या, फरशा यांचे चौकोन आखलेले असतात आणि निरनिराळ्या बुटांचा ढीग पडलेला असतो. पडद्यावरची नायिका दिमाखात चालते, आणि इथे एखादे गृहस्थ तिच्या मापाच्या टाचा घालून जागच्या जागी पावलं टाकत असतात. हाड मोडायचं तर सेलरीची जुडी पिळायची. पक्षी उडवायचा तर चामडी हातमोजे फडफडवायचे. बर्फावरून चालायचं तर चामड्याच्या पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून दाबायचं.

एवढा उपद्व्याप कशाला, खराच आवाज का नाही घेत? कारण खरा आवाज खरा वाटत नाही. ठोसा बसतो तेव्हा नुसतं धप होतं, पडद्यावर मात्र फटका असा वाजतो की सागवानी दार आपटावं. अमेरिकेतला तो रुबाबदार पांढऱ्या डोक्याचा गरुड प्रत्यक्षात अगदी किरटं किलबिलतो. म्हणून पडद्यावर तो चोच उघडतो तेव्हा बहुतेक वेळा आवाज येतो तो लाल शेपटीच्या ससाण्याचा. बिचाऱ्याला स्वतःच्या आवाजात बोलायची परवानगीच नाही.

कॉर्नफ्लोअरची गोष्ट मी घरी करून बघितली. चामड्याची पिशवी नव्हती, म्हणून जुन्या पर्समध्ये पीठ भरलं. मुलीला डोळे मिटून बसवलं आणि पर्स दाबली. करच्च, करच्च.

"काय आहे?"

"कोणीतरी चिप्स खातंय."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. तोंड मिटून खातंय."

मी खट्टू झाले. मग तिनेच फोनवर बर्फातून चालणाऱ्या एका माणसाचा व्हिडिओ काढला, आवाज बंद केला, आणि म्हणाली, "आता दाब. त्याचं पाऊल पडेल तेव्हाच हं." पहिली दोन-तीन पावलं चुकली. चौथं जमलं. आणि जमलं त्या क्षणी तो आवाज माझ्या हातातून निघून फोनमध्ये गेला. पर्स माझ्याच मांडीवर होती, दाबत मीच होते, बोटांना पीठ लागलं होतं, तरी बर्फ त्या माणसाच्या बुटाखालीच करकरत होता. आम्ही दोघी वेड्यासारख्या अर्धा तास तेच करत बसलो. सोफ्यावर पसरलेलं पीठ झाडताना लक्षात आलं की मी कानाची जरा जास्तच तरफदारी करत होते. एकटा कान चिप्स आणि बर्फ यांत फरक करू शकत नाही. कोणाचा आवाज, हे त्याला डोळा सांगतो. आणि तो बर्फ किती गार आहे, माणूस किती दमलाय, हे डोळ्याला कान सांगतो. दोघे एकमेकांची खोटी साक्ष काढतात आणि आपण न्यायाधीशासारखे दोघांवर विश्वास ठेवून मोकळे.

चित्रपटगृहाचा पडदा एकदा अगदी जवळून बघा. दुरून तो सपाट, अखंड वाटतो, पण त्याला बारीक बारीक भोकं असतात. संवादांचे स्पीकर पडद्यामागे असतात आणि आवाज त्या भोकांतून गाळून येतो, म्हणजे तो नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटावा. खरं तर एवढ्याचीही गरज नसावी. घरच्या टीव्हीचा स्पीकर खाली कुठेतरी असतो, तरी आपल्याला शब्द ओठांतूनच ऐकू येतात.

ते कधी येत नाहीत? सिंक जातं तेव्हा. नट बोलून मोकळा होतो आणि वाक्य मागून येतं. कथा, अभिनय, नेपथ्य, सगळं एका क्षणात ओम फस् होतं आणि पडद्यावर माशांसारखी तोंडं उघडझाप करणारी माणसं उरतात. आमच्या घरात अशा वेळी "आई, सिंक गेलं!" अशी आरोळी उठते, जणू सिंक ही माझीच जबाबदारी. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत याचे आकडेच दिलेले आहेत. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला कळतं. उशिरा आला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर एक चौकट जवळपास ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे घाई एका चौकटीची खपते, उशीर तिनांचा. मला हा पक्षपात फार आवडला. निसर्गात आवाज कायम मागूनच येतो, प्रकाशाशी शर्यत लावून तो कधी जिंकलेला नाही. उशिराची कानाला जन्मापासून सवय आहे, आगाऊपणाची नाही.

सिनेमा मात्र तेवढाही उशीर मान्य करत नाही. पार दूरच्या टेकडीवर स्फोट होतो आणि धडाम् त्याच क्षणी. खरं तर आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. पण तीन सेकंद थांबायला प्रेक्षकाला सांगणार कोण?

या सगळ्यात खरी मजा येते ती दिग्दर्शक आपल्याला शिकवून तयार करतो तेव्हा. १९७५ च्या 'जॉज'साठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा. म्हणून स्टीव्हन स्पिलबर्गला शार्कशिवाय शार्कचा सिनेमा काढावा लागला, आणि जॉन विल्यम्सने दिलेले दोन स्वर शार्कच्या जागी पोहू लागले. दोन स्वर ऐकू आले की मासा आला, हे आपण पाच-दहा मिनिटांत शिकतो. पुढे दोन पोरं शार्कच्या पाठीवरचा असतो तसा खोटा पर पाण्यातून फिरवून किनाऱ्यावर पळापळ करवतात, तेव्हा ते स्वर वाजत नाहीत. दिग्दर्शक तिथे प्रामाणिक राहतो. आणि एकदा आपला विश्वास बसला की काहीही न वाजवता तो मासा एकदम समोर आणतो. इतकी शिस्तबद्ध फसवणूक मी दुसरी पाहिलेली नाही. ऐकलेली नाही, म्हणू का?

१९७२ च्या 'गॉडफादर'मध्ये छायाचित्रकार गॉर्डन विलिसने मार्लन ब्रँडोवर उजेड वरून टाकला, त्यामुळे बऱ्याचदा त्याचे डोळेच दिसत नाहीत. कपाळ दिसतं, गाल दिसतात, डोळ्यांच्या जागी दोन अंधाऱ्या खोबणी. ज्याचे डोळे दिसत नाहीत त्याच्यासमोर आपण आपसूक जपून बसतो. हे डोळ्याचं काम, आणि ते चोख आहे. पण माझा जीव अडकलाय तो उपाहारगृहातल्या प्रसंगात. ब्रँडोचा पडद्यावरचा धाकटा मुलगा मायकेल पहिला खून करण्याच्या बेतात आहे. संगीत नाही. समोरचा माणूस बोलतोय, मायकेलची नजर कुठेच नाही, आणि बाहेरून एका आगगाडीचा रुळांवरचा कर्कश आवाज वाढत वाढत अंगावर येतो. गाडी आपल्याला दाखवलेली नाही, नंतरही दाखवत नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती गाडी आहे हेही कळलं नव्हतं. त्याच्या डोक्यात काहीतरी घासतंय, एवढंच कळलं होतं. तो आवाज सिनेमाच्या ध्वनीचं काम बघणाऱ्या वॉल्टर मर्चने घातलेला. व्हायोलिनं किंचाळली असती तर मी सावध झाले असते. रस्त्यावरच्या गाडीपासून कोण सावध होणार?

हल्ली तर पार्श्वसंगीत कोपराने ढोसतं. रडा, आता रडा, अजून रडला नाहीत का. आईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधीच चाळीस वाद्यं गहिवरलेली असतात. अशा वेळी मला हमखास सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' आठवतो. साल १९५५. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो. मुलगी दुर्गा गेली हे त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक दाखवतो, आणि दुर्गासाठी घेतलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो. ती कोसळते. तिचं तोंड रडण्यासाठी उघडतं आणि आपल्याला रडणं ऐकू येत नाही, ऐकू येते ती वरच्या पट्टीतली तारशहनाई, गजाने वाजवायचं एक तंतुवाद्य. तिचा स्वतःचा आवाज काढून घेतलेला आहे. मी एकदा तो प्रसंग म्यूट करून पाहायला बसले होते, अभ्यास म्हणून. बटण दाबलं. तोंड उघडलं. तारशहनाई वाजलीच. आता ती टीव्हीतून येत नाही.

परवा संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. वीज चमकली, खोलीतल्या सगळ्या वस्तू क्षणभर पांढऱ्या झाल्या आणि पुन्हा आपापल्या जागी गेल्या. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाला गडगडलं. म्हणजे दोनेक किलोमीटर. मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, सिंक गेलं."