तुम्ही विचारलंत म्हणून: पाच स्टार सोडून वॅगनआर का घेतली

दसऱ्याला गाडी घेतली तेव्हापासून हा प्रश्न येतोय. स्टाफरूममध्ये, नणंदेच्या घरी, लग्नात पंगतीला बसल्यावर, फोनवर. "तीन वर्षं आम्हाला सेफ्टी सेफ्टी करून भंडावलंस आणि स्वतः शेवटी वॅगनआर घेतलीस?" नंदोई तर तोंडावर डबा म्हणतात. मी दरवेळी काहीतरी अर्धवट सांगते, सर्व्हिस सेंटर अमळनेरपासून लांब नाही, ॲव्हरेज चांगलं आहे, विकायला काढली तर पैसे येतात वगैरे. ते खोटं नाही पण खरं कारण ते नाहीच. म्हणून एकदाच लिहिते, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी कबूल करते, हो, मी भंडावलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्रींचा पालघरजवळ अपघात झाला, एवढी महागडी गाडी आणि मागच्या सीटवर बेल्ट लावलेला नव्हता, ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. मी रोज पारोळा तालुक्यातल्या शाळेत अपडाऊन करते, हायवेवर काय काय बघते ते इथल्या लोकांना सांगायला नको. तेव्हापासून कुणी गाडी घ्यायचं म्हटलं की मी विचारायचे, स्टार किती? टाटा पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आदळून त्या किती सुरक्षित ते तपासणारी आणि स्टार देणारी संस्था) पाच मिळाले, अल्ट्रोजला त्याआधी पाच, टियागोला चार, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. आणि वॅगनआरला २०२३ मध्ये मोठ्यांसाठी एक आणि लहान मुलांसाठी शून्य, हेही पाठ होतं. त्याच वॅगनआरची चावी आज माझ्या पर्समध्ये आहे, म्हणजे न कळता घेतली असं कुणी समजू नका. कळून घेतली.

दिरांनी सुरतहून सेकंडहँड मोठी गाडी आणून द्यायची तयारी दाखवली होती, "वहिनी, त्याच पैशात केवढी मोठी येईल बघा." त्यांचा जीव आहे आमच्यावर म्हणून म्हणाले. पण गुजरात पासिंगची गाडी म्हणजे एनओसी आणा, इकडे पुन्हा रोड टॅक्स भरा, आणि आधी कुणी कशी चालवली ते देवाला माहीत. तो विषय एका दिवसात संपला. सीएनजीचा नाही संपला लवकर. टाटाने टियागोत एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या खाली बसवून डिकी वाचवली ती गोष्ट मला फार आवडली होती. वॅगनआरच्या सीएनजीत टाकी डिकीत, आणि मला डिकी पाहिजेच होती कारण जिजींचा वॉकर आणि कमोडची खुर्ची कुठं ठेवणार? पेट्रोलच्या वॅगनआरची डिकी ३४१ लिटर आहे, दोन्ही उभं मावतं. पण मी पुढं पळतेय. जिजींचं सांगते.

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७६, उंची फार तर चार फूट आठ इंच, दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशनला डॉक्टर तयार नाहीत, शुगर आहे आणि हार्टचाही त्रास आहे. महिन्यातून एकदा धुळ्याला दाखवायला न्यावं लागतं. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आहे, पण एसटीची पहिली पायरी चढायची कशी? गाडी घ्यायचं ठरलं ते त्यांच्यासाठीच ठरलं होतं, हे मी तीन वर्षांत विसरून गेले आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

श्रावणातला रविवार होता. जळगावला एका शोरूमला जायचं ठरलं, गाडी मी आधीच मनात पक्की केलेली, स्टार भरपूर, रंगसुद्धा ठरलेला. मिस्टर म्हणाले जिजींना पण नेऊ, त्यांनापण बसून बघू दे. मी म्हटलं नेऊ. भाड्याची गाडी केली. शोरूममध्ये एसी, चकचकीत फरशी, शेजारी एका कुटुंबाची डिलिव्हरी चाललेली, हार, नारळ, पेढे, फोटो. आमची गाडी बाहेर काढली, जिजी मागच्या सीटवर बसल्या. बसल्या म्हणजे काय, पाठ करून उभ्या राहिल्या आणि धपकन खाली गेल्या, सीट त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच खाली होती. पण बसल्या. चक्कर मारून आलो, मी चालवली, गाडी मला इतकी आवडली की मी येताना मिस्टरांना डोळ्यानंच सांगितलं, हीच.

मग उतरायची वेळ आली.

पाय बाहेर काढले त्यांनी, एक, मग दुसरा हातानं उचलून. पण उठवेना. सीट खाली, गुडघे वर, जोर लावायला गुडघ्यात जोर नाही. मी दोन्ही हात धरले, मिस्टरांनी पलीकडच्या दारातून आत जाऊन पाठीला आधार दिला, शोरूमचा पोरगा "आजी माझा हात धरा" म्हणत होता, बिचारा चांगला होता. एकदा उठल्या, अर्ध्यात गेल्या आणि पुन्हा खाली. दुसऱ्यांदा पदर सुटला. लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं, नीकॅप दिसायला लागली, त्या एका हातानं लुगडं ओढताहेत आणि एका हातानं मला धरताहेत. हारवाले लोक फोटो थांबवून बघायला लागले. आणि मी काय बोलले माहितीये? "जिजी, जरा जोर लावा ना." असं म्हटलं मी. आवाज कसा होता तो मला अजून ऐकू येतो. मला राग आला होता, खरं सांगते, त्यांचा राग आला होता, माझी तीन वर्षांची मेहनत, माझी यादी, माझी ठरलेली गाडी त्या बिघडवताहेत असं वाटत होतं मला. तिसऱ्यांदा त्या दार आणि सीटच्या मधून घसरल्या आणि फरशीवरच बसल्या. लागलं नाही. पण खाली बसल्या सगळ्यांसमोर, आणि वर बघेनात.

त्या पोरानं मग उंच गाडी दाखवतो म्हटलं. खरंतर तिथूनच निघायला पाहिजे होतं, पण मी म्हटलं दाखव, तिलापण स्टार चांगले होते. तिची सीट उंच, आणि दाराखालचा पत्रापण उंच. जिजींचा पाय तिथपर्यंत उचललाच जाईना. त्यानं स्टूल आणलं. जिजींनी त्या स्टुलाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "माले नको गाडी. तुम्ही फिरा."

येताना धरणगावला चहाला थांबलो. उकाडा प्रचंड, पाऊस तोंड दाखवून गेलेला. मी त्यांना पाण्याची बाटली दिली तर घेतली नाही. चहा नाही. मी म्हटलं घ्या की, सकाळपासून काही नाही पोटात. तर म्हणाल्या, पाणी प्यायलं की उतरावं लागतं. मग मिस्टरांनी हळू विचारलं तेव्हा कळलं, त्या बाहेर निघायच्या असल्या की आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात. धुळ्याला जायच्या दिवशीसुद्धा. उन्हाळ्यात ४४ डिग्रीत सुद्धा. किती वर्षं? त्यांनाच सांगता येईना. १९ वर्षं मी त्या घरात राहते. शुगर असलेल्या बाईनं असं करायचं नसतं हे मी शाळेत मुलांना आरोग्याच्या तासाला शिकवते.

त्या रात्री मी शिलाईचा टेप घेऊन त्यांच्या खाटेची उंची मोजली. खाटेवर त्या कुणाच्याही मदतीशिवाय बसतात आणि उठतात, मग उत्तर तिथंच असणार. वीस इंच भरली. पुढचा महिनाभर मी शाळा सुटल्यावर एकटीच टेप पर्समध्ये टाकून फिरत होते. जमिनीपासून सीटपर्यंत किती, जमिनीपासून पाय ठेवायच्या तळापर्यंत किती, दार किती उघडतं, वर धरायला दांडा आहे का. सेल्समन मला विचारायचे मॅडम इंजिन बघा, स्क्रीन बघा. मला काही बघायचं नव्हतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत सीट तरी खाली किंवा तळ तरी वर. सीट उंच आणि तळ खाली असं दोन्ही हवं होतं, आणि ते आमच्या सात लाखांच्या आत ज्या गाडीत होतं ती आमच्याच गल्लीत उभी होती. शेजारच्या काकांची जुनी वॅगनआर. टॉलबॉय म्हणतात तो आकार, छप्पर उंच म्हणून माणूस ताठ बसतो.

जिजी तयारच होईनात. शेवटी काका म्हणाले, आक्का, नुसतं बसून बघा, गाडी सुरूपण नाही करत मी. पाठ करून उभ्या राहिल्या, मागं हात टेकला, बसल्या. धपकन नाही. नुसत्या टेकल्या. मग दोन्ही पाय आत घेतले. थोड्या वेळानं स्वतःच पाय बाहेर काढून दाराला धरून उभ्या राहिल्या, मी हात पुढं केला होता तो त्यांनी धरला नाही. "हाई बरी शे," एवढंच म्हणाल्या, "खाटसारखी."

२२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांचा १८ झाला, घटस्थापनेचाच दिवस होता तो, त्या आठवड्यात बुकिंग केलं.

आता तुम्ही म्हणाल, मग स्टारचं काय? इथं मला माझ्याशीच भांडावं लागतं. मी स्वतःला सांगते की २०२३ मध्ये जी तपासली तिच्यात दोन एअरबॅग होत्या, आमच्यात सहा आहेत, कंपनीनं २०२५ मध्ये वॅगनआरच्या सगळ्या व्हेरियंटला सहा दिल्या. त्यावर दोन वर्षांपूर्वीची मी लगेच उत्तर देते, एअरबॅग वाढवून गाडीचा सांगाडा मजबूत होत नाही, त्या टेस्टमध्ये सांगाडाच अस्थिर निघाला होता. मी म्हणते मी साठ-सत्तरच्या वर जात नाही. ती म्हणते ती टेस्ट ६४ च्याच स्पीडला घेतात, आणि समोरून येणारा ट्रक तुझा स्पीड विचारून येणार आहे का? याला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच कंपनीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच स्टार मिळाले, म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. मग उंच सीटच्या, खाली तळाच्या, स्वस्त गाडीत का नाही होत? म्हाताऱ्या माणसाला चढता येणं आणि जिवंत राहणं यातलं एकच निवडायचं असं का? हा प्रश्न मला विचारण्यापेक्षा गाडी बनवणाऱ्यांना कुणीतरी विचारा.

सगळ्यात जास्त टोचतं ते मुलाचं. १६ वर्षांचा आहे, तो चिडून नाही, शांतपणे म्हणाला, "मम्मी, जिजी महिन्यातून एकदा बसेल. आपण रोज बसणार." बरोबर आहे त्याचं. गाडी दहा वर्षं तरी राहील आमच्याकडं, आणि जिजींची त्यातली किती वर्षं, हे मला लिहायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद येईल, तिची लहान मुलं मागं बसतील, तेव्हा तो शून्य माझ्या डोळ्यासमोर येणारच. त्याला मी म्हटलं, तुझं बरोबर आहे. तो म्हणाला, मग? मी पुढं काही बोलले नाही.

तरी पुन्हा निवडायला सांगितलं तर काय घेईन? सकाळी विचारलं तर एक सांगेन, रात्री हायवेवरून परत आल्यावर दुसरं. जे मला नावं ठेवतात त्यांनी त्या दिवशी फरशीवर बसलेलं माणूस बघितलेलं नाही. आणि मीसुद्धा उद्या काही झालं तर, नाही, ते वाक्य पूर्ण करत नाही.

गेल्या महिन्यात धुळ्याला गेलो तेव्हा जिजींनी वाटेत दोनदा पाणी मागितलं आणि एकदा उतरल्यापण, स्वतःहून.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. मागच्या सीटवर बेल्ट लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही, जिजींनाही लावते. पण त्यांची उंची एवढी कमी की पट्टा खांद्यावर न बसता मानेला घासतो, मागच्या पट्ट्याची उंची खालीवर करता येत नाही. खाली उशी दिली तर पट्टा जागेवर येतो पण पाय लोंबकळतात आणि उतरताना पुन्हा तोच त्रास. त्या काढून टाकायला बघतात, मी पुन्हा लावते. घरात बुटकी म्हातारी माणसं असणाऱ्यांनी यावर काही केलं असेल तर मला सांगा, गाडी कुठली घेतली ते नंतर विचारा.