भिंतीवरचा सेन्सर

“आई रात्री किती वेळा उठली, हे माझ्याआधी भिंतीवरच्या सेन्सरला कळतं,” असे इंग्लंडमधील सरे परगण्यातील माझ्या शेजारीणबाई आज म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातील दिलाशाशेजारचा अपराधीपणा दिवसभर मनातून गेला नाही.

येथेच २०१६ मध्ये सुरू झालेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी सेन्सर लावून देखरेख करणाऱ्या टीआयएचएम प्रकल्पात सरे विद्यापीठ आणि एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) यांनी दारे, घरातील वावर, विजेची उपकरणे, शरीराचे तापमान यांच्या नोंदींतून मूत्रमार्गाच्या संसर्गाची चाहूल मशीन लर्निंगने, म्हणजे नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीने, घेतली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला स्वतःचे दुखणे अनेकदा सांगता येत नाही, म्हणून मला हे फार मोलाचे वाटते.

मात्र इशारा पाहून फोन करणारी, वेळ पडल्यास घरी जाणारी माणसे तेथे होती. पुण्यात एकट्या राहणाऱ्या माझ्या आत्याच्या घरून असा इशारा आला, तर तिच्याकडे कोण जाईल?