तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तक असताना कार्डं कशाला?

"सर, पुस्तक आहे, फळा आहे, मग जीवशास्त्राची ही कार्डं कशाला लिहीत बसता?" पालकसभेत विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात नववीला विज्ञान शिकवतो. दिवाळीच्या आगेमागे वर्गातले बाक रिकामे होतात. आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. पोरंही सोबत जातात, मोळ्या बांधायला नाहीतर धाकट्याला सांभाळायला. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत. तोवर आम्ही किती धडे पुढं गेलेलो असतो! म्हणून प्रत्येकानं आपल्या चालीनं पुढं सरकावं अशी कार्डं केली.

पहिल्या वर्षी सपशेल चुकलो. रायझोबिअमच्या, म्हणजे मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या जीवाणूंच्या, कार्डावर लिहिलं होतं, 'सोयाबीनचं झाड मुळासकट उपटा.' एक पोरगी एप्रिलमध्ये कोरं कार्ड घेऊन आली. "सर, आता सोयाबीन कुठंय?" मी फक्त वेगाचा विचार केला होता, हंगामाचा नाही. आता त्याच कार्डावर पावसाळ्यासाठी सोयाबीन आहे आणि उन्हाळ्यासाठी भुईमूग. मुळावरची गाठ नखानं फोडायची आणि आतला रंग लिहायचा. गुलाबी असेल तर गाठ कामावर आहे, हवेतला नायट्रोजन झाडाला मिळतोय. हिरवट किंवा पांढरी असेल तर काम बंद. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच त्यातही लोह असतं. पण हे कार्डाच्या मागच्या बाजूला; आधी गाठ फोडायची. तुमच्या झाडात किती गाठी गुलाबी निघाल्या, हे गाईडात सापडत नाही, त्यामुळे नक्कल करायची सोयच उरत नाही.

सगळंच कार्डावर जमतं असं नाही. पेशीविभाजनाला मी आणि फळाच लागतो. काही पोरं दोन संध्याकाळींत पाच कार्डं उरकतात, काही वर्षभर एकालाही हात लावत नाहीत. त्यांच्या मागे मला फिरावंच लागतं. आणि एकेक कार्ड मी तीन-चारदा लिहितो, हे कुणी विचारत नाही!

उसाचं कार्ड मात्र फडातच करायचं. शाकीय प्रजनन, म्हणजे बी न पेरता खोड-मुळापासून नवं रोप, दहावीत येतं, पण ज्या पोराच्या हातात रोज ऊस आहे त्यानं वर्षभर का थांबायचं? पेरावरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, शोधा, त्याचं चित्र काढा, बेण्याला कांडी का लावतात ते घरच्यांना विचारा. 'को ८६०३२' या उसाच्या वाणातला 'को' म्हणजे कोईमतूर, हेही त्यात आहे. तिथल्या ऊस पैदास संस्थेत उसाला तुरा आला की संकर करतात.

गेल्या साली एका पोरानं कोपीवरून, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवरून, आणलेल्या कार्डाच्या तळाशी लिहिलं होतं: 'सर, डोळा खाली करून कांडी लावली तर?'

शाळेमागं दोन कांड्या लावल्या. वर डोळा असलेलीचा कोंब आधी दिसला. दुसरीचा बऱ्याच दिवसांनी, वळसा घेऊन वर आला. गुरुत्वानुवर्तनाचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणानुसार कोंब वर आणि मूळ खाली का वळतं याचं, नवं कार्ड आता तिथूनच सुरू होतं.