गोळीशिवाय कोलेस्टेरॉल कसे उतरवलेत, असे तुम्ही विचारलेत म्हणून

हा प्रश्न मला नेहमी कौतुकाने विचारला जातो आणि त्या कौतुकाचाच मला त्रास होतो. म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

उपाय तुम्हाला ठाऊक आहेत. लोणी, साय आणि चरबीचे मांस यांतला संपृक्त मेद मी कमी केला, कारण तो वाढला की यकृताची रक्तातला एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याची क्षमता मंदावते. ओट्स, कडधान्ये आणि ईसबगोल वाढवले. त्यांतले विद्राव्य तंतू आतड्यातली पित्ताम्ले शरीराबाहेर नेतात, आणि नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. चालण्याला लोक उगाच मोठे श्रेय देतात. हृदयासाठी ते हवेच, पण एलडीएल त्याने फारसा हलत नाही. माझा एलडीएल १५८ वरून १२९ वर आला.

ताईचा २१४ होता. तिने माझ्यापेक्षा कडक पथ्य पाळले, रोज काय खाल्ले ते वहीत लिहिले, आणि अनेक महिन्यांनी आकडा आला १९१. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू केली. त्यानंतर घरी सगळे जेवायला जमलो असताना एक वडीलधारे नातेवाईक तिला म्हणाले, "तुझ्या धाकट्या भावाला जमले, मग तुलाच गोळी का लागते? जिभेवर ताबा हवा." ताई काही बोलली नाही. ती उठली, आतून वही आणली आणि त्यांच्या ताटाशेजारी उघडून ठेवली. त्यांनी ती पाहिलीही नाही. ताईने मात्र माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण त्यांच्या हातातला पुरावा मीच होतो.

आहाराची बाजू मी आजही सोडणार नाही. २००३ साली कॅनडात डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने निवडक वनस्पतिजन्य आहाराने महिन्याभरात एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी उतरवून दाखवला, म्हणजे स्टॅटिनच्या जवळपास. पूर्वीचा मी हा आकडा सांगून वाद मिटवत असे. पण तिथे जेवण पुरवलेले होते. लोकांना नुसता सल्ला देऊन २०११ साली तोच प्रयोग झाला तेव्हा घट १३ ते १४ टक्क्यांवर थांबली. शिवाय १९०च्या वर एलडीएल असणाऱ्या काहींमध्ये दोष जनुकांतला असतो, आणि तिथे केवळ ताटात बदल करून भागत नाही.

मग मी गोळी का घेत नाही? माझ्या डॉक्टरांनी वय, रक्तदाब, साखर, धूम्रपान असे सगळे पाहून धोका कमी ठरवला, म्हणून. वय वाढेल तसा हा हिशेब बदलणार आहे. त्या वेळी होकार देईन असे मला वाटते, तरी मनातला जुना हट्ट अजून कुरकुरतो. ताई गोळी घेते आणि पथ्यही पाळते. पुढच्या वेळी हा प्रश्न तिलाही विचारा, आणि तितक्याच कौतुकाने विचारा.