सांगाराच्या पोटातले फुरू

टांझानियातल्या म्वान्झात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, मी मासळीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. आमच्याकडे एकच मासा यायचा, नाईल पर्च. तिकडे त्याला सांगारा म्हणतात. त्याचे फिले, म्हणजे काटा काढलेले काप, बर्फातून युरोपला जायचे. १९९७ ते १९९९ या काळात युरोपने या भागातली मासळी कधी साल्मोनेला, कधी कॉलरा, तर कधी कीटकनाशक अशा कारणांनी रोखली होती. प्रयोगशाळेचा दरारा होता तो त्यामुळेच.

ही गोष्ट २००९ सालची. सकाळच्या बोटीतला माल उतरत होता. बर्फ बाजूला सारताना खाली एक आडवं धूड दिसलं. दोघांनी मिळून ते ओट्यावर घेतलं. लांबी दीड मीटरच्या वर, वजन पन्नास किलोच्या पुढे. तेव्हा नियम ५० ते ८५ सेंटिमीटरचा होता, त्याहून लहानमोठा मासा धरायचा नाही. वरची मर्यादा माद्यांसाठी होती, कारण एवढा वाढलेला सांगारा बहुधा मादीच असतो. मत्स्य खात्याचे अधिकारी आले, त्यांनी मासा जप्त केला आणि नोंदीसाठी लिंग पाहायला सांगितलं. कारखान्यातले सगळ्यात जुने कापणारे, ज्यांना आम्ही सगळे म्झे म्हणायचो, त्यांनी सुरी घेतली.

पोट उघडलं आणि गाबोळी बाहेर आली. पिवळसर, ताणलेली, दोन्ही हातांतही मावेना. त्यात लाखो अंडी असणार. नंतर म्झेंनी जठर कापलं. ते भरलेलं पाहून मी पुढे सरसावलो. खोल पाण्यातून वर ओढताना सांगाराचं वाताशय फुगतं, जठर तोंडाकडे उलटतं आणि खाल्लेलं बाहेर पडतं, म्हणून बहुतेक जठरं रिकामीच मिळतात. हा मासा उथळ पाण्यातल्या गळाला लागला होता. आत सांगाराचंच एक अर्धवट पचलेलं पिल्लू होतं आणि बोटाएवढे मासे, कितीतरी.

"फुरू," म्झे म्हणाले. एक मासा उचलून त्यांनी बराच वेळ न्याहाळला. "लहानपणी आम्ही हेच खायचो. उन्हात वाळवले की झालं. सांगारा तेलकट, तो वाळत नाही. त्याला धुरी द्यावी लागते, लाकूड जाळावं लागतं."

मी ते मासे धुऊन ट्रेमध्ये मांडले. काहींच्या शेपटीजवळच्या खालच्या परावर फिकट नारिंगी ठिपके होते. हे नर. एका मादीचा जबडा चिमट्याने उघडला तर आत अंडी, मोजता येतील एवढीच. फुरूची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत. एका ओट्यावर ती गाबोळी आणि हे मूठभर दाणे शेजारी शेजारी होते. त्या सरोवरात काय घडलं, ते मला इतकं उघड त्याआधी कधी दिसलं नव्हतं.

व्हिक्टोरियात फुरूच्या पाचशेच्या आसपास जाती होत्या. सत्तरच्या दशकात तळाजवळच्या मासळीत वजनाने सुमारे ८० टक्के वाटा त्यांचाच होता. वसाहतीच्या काळातल्या अधिकाऱ्यांना मात्र ही काटेरी, बारकी मासळी कुचकामी वाटायची. तिचं खाऊन मोठं मांस तयार करील असा शिकारी मासा त्यांना हवा होता. मायकेल ग्रॅहॅम या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने १९२७-२८ मध्ये सरोवराची पाहणी केली आणि असा मासा बाहेरून आणण्यात मोठा धोका आहे, असं १९२९ च्या अहवालात लिहून ठेवलं. तरीही १९५४ मध्ये युगांडातल्या जिंजाजवळ सांगारा गुपचूप सोडला गेला आणि १९६० नंतर उघडपणे. टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, बाजूला कुणी सोडला नाही, तो पोहतच आला. वीसेक वर्षं फारसं काही जाणवलं नाही. मग ऐंशीच्या दशकात त्याची संख्या एकदम उसळली. म्वान्झाच्या आखातात नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे संशोधक १९७७ पासून फुरू मोजत होते. त्यांच्या जाळ्यात ते जवळजवळ यायचेच थांबले. दोनशेच्या आसपास जाती नाहीशा झाल्या असा अंदाज आहे. सांडपाण्याने आणि धुपून आलेल्या मातीने गढूळलेल्या पाण्याचाही यात हात आहे. फुरूची मादी नराचा रंग पाहून आपली जात ओळखते आणि गढूळ पाण्यात रंगच दिसत नाही.

मला राग त्या माशाचा कधीच आला नाही. त्याला दुसऱ्या पाण्यातून उचलून इथे कुणी सोडलं, ते नोंदलेलं आहे.

"मग हे परत कुठून आले?" मी म्झेंना विचारलं.

"तुम्ही सांगारा इतका कापलात, म्हणून," ते म्हणाले.

आणि ते खरं होतं. मासेमारी वाढली, सांगारा कमी झाला, तशा नव्वदच्या दशकापासून फुरूच्या काही जाती पुन्हा दिसू लागल्या. सगळ्या नाहीत. गेल्या त्या गेल्याच.

नियमाप्रमाणे अधिकारी तो मासा घेऊन गेले. फुरू मी मागून घेतले आणि फॉर्मालिनच्या बरणीत ठेवले. त्या आठवड्यापासून प्रयोगशाळेच्या रजिस्टरात मी 'पोटात काय' असा एक रकाना वाढवला. भरलेलं जठर क्वचितच हाती लागायचं, तरी लहान सांगाऱ्यांत बारीक कोळंबी आणि मोठ्यांत दगा ही बारकी चंदेरी मासळी, फुरू, स्वतःचीच पिल्लं असं काहीबाही सापडायचं. म्झे निवृत्त होईपर्यंत त्या रकान्यात काय लिहायचं ते म्झेच सांगत आणि मी लिहीत असे.