स्नॅपच्या आधीचे ते काही सेकंद

मी अमेरिकेत एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, एका टीमसाठी काम करते, स्काउटिंग विभागात, म्हणजे नवे खेळाडू शोधून जोखायचं काम. टीमचं नाव लिहीत नाही. कॉलेजच्या पोरांच्या मॅचच्या फिल्म बघायच्या, एकेक प्ले (बॉल मागे देऊन खेळ सुरू होतो त्याला स्नॅप म्हणतात, तिथून खेळ थांबेपर्यंतचा तुकडा म्हणजे प्ले) थांबवून थांबवून नोंद करायची आणि ड्राफ्टच्या आधी ग्रेड सुचवायची, हे माझं काम. माझ्याकडे डिफेन्सची मागची फळी असते, म्हणजे कॉर्नर आणि सेफ्टी. सेफ्टी म्हणजे मैदानात सगळ्यात मागे उभा असलेला गडी, त्याच्या मागे कोणी नाही, तो चुकला की थेट टचडाउन, म्हणजे समोरच्यांना गुण.

ड्राफ्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, 32 टीम, 7 फेऱ्या, गेल्या सीझनला जी टीम तळाला होती ती पहिली निवडणार, आणि तीन दिवसांत अडीचशेच्या वर पोरं निवडली जातात. कोण कितव्या फेरीत जातो यावर त्याचा पहिला करार ठरतो, त्यामुळे आमच्या एका ग्रेडचा अर्थ त्या पोराच्या घरच्यांसाठी फार मोठा असतो. हे मी कधी विसरत नाही असं मला वाटायचं.

डिफेन्सवाल्याला जोखणं अवघडच. 2024 ला तर पहिले 14 च्या 14 ऑफेन्सचे गेले, पहिला डिफेंडर लायाटू लाटू, तो 15 व्या नंबरला. (त्या वर्षी पहिल्या बारा जणांत सहा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारे, होते हेही खरं.) पण क्वार्टरबॅकचा पास दिसतो, रिसीव्हरचा कॅच दिसतो, डिफेंडरचं चांगलं काम म्हणजे बहुतेक वेळा बॉल त्याच्याकडे येतच नाही. मग माणसं मोजता येतं त्याच्या मागे लागतात. फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन असतं, तिथे 40 यार्ड धावणं, उभी उडी, हाताची लांबी, सगळं मोजतात. 2008 ला व्हर्नन गोल्स्टननं तिथे 225 पौंडाचा बार 37 वेळा उचलला, जेट्स टीमनं सहाव्या नंबरला घेतला आणि एनएफएलमध्ये त्याच्या नावावर एकही सॅक, म्हणजे बॉल हातात असतानाच क्वार्टरबॅकला पाडणं, लागला नाही. उलट काइल हॅमिल्टन, 2022 ला ते 40 यार्ड 4.59 सेकंदांत धावला, सेफ्टी म्हणून स्लो आहे असं लोक बोलायला लागले, घसरत घसरत 14 व्या नंबरला बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला, आणि 2023 ला ऑल-प्रो झाला, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला. ही दोन्ही उदाहरणं आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहेत, तरी दरवर्षी घड्याळ बघून मान हलवणारे असतातच.

तर मागच्या एका एप्रिलची गोष्ट. एका मध्यम कॉलेजचा सेफ्टी होता, 4.6 च्या आसपास धावलेला, आणि त्याच्या नावावर एक फार वाईट प्ले होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये समोरचा रिसीव्हर मैदानाच्या मधोमध खोल पळाला आणि हा पोरगा त्याच वेळी खाली, क्वार्टरबॅकच्या दिशेने आला, बॉल त्याच्या डोक्यावरून गेला, टचडाउन, मॅच हरले. टीव्हीवर रिप्ले परत परत दाखवला, दर वेळी स्क्रीनवर ह्याचीच पाठ. मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, खोल जबाबदारी सोडतो, नजर बॅकफिल्डमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकच्या आसपास, अडकते. ग्रेड पाचवी फेरी.

ज्या दिवशी सेफ्टींची बोर्ड मीटिंग होती (बोर्डवर पोरांच्या नावांचे मॅग्नेट फेरीनुसार लावतात) त्या दिवशी मी सकाळी साडेपाचला ऑफिसात पोचले, दाखवायच्या क्लिप लावायच्या होत्या. हा प्ले मी आधी निदान दहा वेळा बघितला असेल. त्या दिवशी एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, कॅमेऱ्यातून बघत होते आणि पहिल्याच फ्रेमला थांबले. पोराचा डावा हात हेल्मेटपाशी होता, खाली येत होता. स्नॅप व्हायला अजून सेकंदभर होता. हात कशाला वर गेला होता?

ते मला दिसणं शक्यच नव्हतं कारण क्लिप तिथूनच सुरू होत होती. कॉलेजकडून येणारी फिल्म कापलेली असते, दोन प्लेंच्या मधला मोकळा वेळ काढून टाकतात, म्हणजे कोचला भराभर बघता यावं. आणि टीव्हीचा कॅमेरा स्नॅपच्या आधी क्वार्टरबॅकवर नाहीतर प्रेक्षकांवर, सेफ्टी वीस यार्ड मागे फ्रेमच्या बाहेर.

इथे मला माझी कबड्डी आठवली. मी सांगलीची, शाळेपासून कॉलेजपर्यंत उजव्या कोपऱ्यात खेळले. कोपऱ्यातलीनं चढाईवालीचा घोटा धरला की शेजारच्या कव्हरनं येऊन कंबर धरायची असते. कव्हर अर्धा सेकंद उशिरा आली की चढाईवाली मला फरफटत मध्यरेषेपर्यंत न्यायची, आणि बाहेर उभी असलेली माणसं म्हणायची कोपरा कच्चा आहे. कव्हरचं नाव कोणी घ्यायचं नाही, कारण फरफटत जाताना दिसले ती मी. किती रडले आहे मी त्यावरून. आणि इथे मी त्याच बाहेरच्या माणसांसारखा रिपोर्ट लिहून बसले होते.

व्हिडिओवाल्याला फोन केला, मला ह्या मॅचची न कापलेली फाइल पाहिजे, आजच. अकराच्या सुमारास आली.

स्नॅपच्या आधी समोरचा एक रिसीव्हर डावीकडून उजवीकडे चालत गेला, ज्याला मोशन म्हणतात. त्याबरोबर ह्या पोरानं तळहातानं हेल्मेटवर दोनदा थापटलं, दुसऱ्या सेफ्टीकडे वळला आणि मधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. दुसरा सेफ्टी साइडलाइनकडे, कोचकडे बघत होता.

याचा अर्थ असा, की ते आधी क्वार्टर्स खेळत होते, म्हणजे मागचं मैदान चौघांनी चार पट्ट्यांत वाटून घ्यायचं. मोशन झाली की कव्हर थ्री करायचं, तिघं मागे तीन पट्ट्यांत आणि एक सेफ्टी खाली. ह्यानं बदल ओळखला, सांगितला आणि स्वतः खाली आला, कारण खाली येणं हेच त्याचं काम होतं. मधे खोल जायचं ते दुसऱ्यानं. तो गेलाच नाही.

पण एका प्लेवरून असं ठरवता येत नाही, मलाच हवं ते मी बघत असेन. म्हणून मीटिंगपर्यंतच्या वेळात त्यांच्या बाकीच्या मॅचमधले तशाच मोशनचे प्ले शोधून काढले, 23 निघाले. कापलेल्या क्लिपमध्ये सगळीकडे हात दिसत नव्हता, पण पाय दिसत होते. 21 वेळा हा खाली, दुसरा मधे. 21 वेळा क्वार्टरबॅकनं खोल बघितलं, जागा बंद दिसली आणि बॉल दुसरीकडे टाकला. मोठं असं काहीच घडलं नाही, म्हणून त्या प्लेंसमोर मीच माझ्या नोंदीत लिहिलं होतं, प्लेशी संबंध नाही.

दोन वाजता मीटिंग. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की ह्या पोराबद्दलचा माझा रिपोर्ट चुकला आहे आणि आधी फिल्म बघा मग बोलू. आवाज कापत होता माझा, सीझनभराच्या कामाबद्दल असं सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे सोपं नसतं. तीनदा क्लिप लावली. सेकंडरीचा, म्हणजे मागच्या फळीचा, कोच पुढे वाकून बघत होता, तो म्हणाला, "हात बघ त्याचा, हात." त्या भागातल्या स्काउटनं बाहेर जाऊन कॉलेजच्या कोचला फोन लावला, दहा मिनिटांनी आला, हो, त्या मोशनवर तोच बदल होता.

मग त्याच स्काउटनं स्वतःची फेब्रुवारीची वही उघडली. कंबाइनच्या मुलाखतीत आम्ही त्या पोराला हाच प्ले दाखवला होता. उत्तर स्काउटनं जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं, "मी अजून जोरात सांगायला पाहिजे होतं." आणि त्यापुढे आमच्याच माणसाची नोंद, चूक मान्य करतो, स्वभाव चांगला. खोलीत कोणी काही बोललं नाही बराच वेळ. त्या पोरानं सरळ सांगितलं होतं की काय झालं, दुसऱ्या पोराचं नाव न घेता सांगितलं होतं, आणि सांगायला पाहिजे होतं म्हणजे काय, कोणाला, हे आमच्यातल्या कोणी विचारलं नाही.

40 यार्डाचा वेळ काही बदलत नाही, उघड्या मैदानात वेगवान रिसीव्हरमागे हा कमी पडणार, त्यावर कोच ठाम होता आणि ते मलाही पटलं. त्यामुळे बोर्डवरचा त्याचा मॅग्नेट पाचव्या फेरीतून उचलून तिसऱ्याच्या तळाशी लावला.

मला वाटलं झालं. तेवढ्यात डायरेक्टरनं विचारलं, बाकीच्या सेफ्टींच्या क्लिप पण अशाच कापलेल्या होत्या का? होत्या. सगळ्यांच्या.

ड्राफ्टला पंधरा दिवस होते. पुढच्या चार रात्री मी आणि व्हिडिओवाला मिळतील तेवढ्या न कापलेल्या फायली घेऊन बसलो, फक्त स्नॅपच्या आधीचं बघायला, कोण कोणाला सांगतोय, कोण कोणाकडे बघतोय. बहुतेकांचं काही बदललं नाही. एक मात्र होता, आमच्या बोर्डवर दुसऱ्या फेरीत, सुंदर टॅकल करणारा, धावायला वाऱ्यासारखा, मी स्वतः त्याच्यासाठी भांडले होते. अख्ख्या सीझनमध्ये त्यानं एकदाही कोणाला हात केला नाही, दर वेळी पुढचा लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला गडी, मागे वळून ह्याला जागेवर उभा करत होता. त्याचा मॅग्नेट खाली आला, तोही मीच सरकवला.

शुक्रवारी रात्री तिसऱ्या फेरीत आमचा नंबर यायच्या आधीच दुसऱ्या एका टीमनं आमच्या त्या हेल्मेट थापटणाऱ्या पोराचं नाव पुकारलं. सेकंडरीचा कोच माझ्याकडे बघून म्हणाला, "त्यांनीही पूर्ण फिल्म बघितली असणार." मी मॅग्नेट काढून ठेवला आणि पुढचं नाव वर घेतलं.