खोल्याच्या किनाऱ्यावर स्कूटर नेऊ नका

"रस्ता अगदी खालपर्यंत आहे," असं मेहुण्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. स्वतः तो जीपने गेला होता, तेवढं सांगायचं राहिलं.

दक्षिण गोव्यात काणकोणातून आगोंद ओलांडून काब द रामच्या किल्ल्याकडे जाणारा डांबरी रस्ता झकास. डावीकडे खोल्याच्या किनाऱ्याची वाट फुटली की सुख संपलं. पुढे नुसती तांबडी माती आणि जांभ्याचे सुटे धोंडे. शेवटचा उतार तर असा, की ब्रेक दाबला तर मागचं चाक आडवं, सोडला तर आपण थेट माडांत. मी दाबला. गुडघा सोलवटला, आरसा फुटला. भाड्याची गाडी परत करताना मालकाने आरशाचे आठशे लावले. दुकानात विचारलं तर अडीचशे! तेव्हा गाडी ताब्यात घेतानाच, मालकासमोर, चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. आणि काळ्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरं असलेली, म्हणजे भाड्याचा परवाना असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेतलीत तर पोलीस तुम्हाला धरतील, मालक घरी आरामात.

सरळ सांगतो, गाडी वरच लावा आणि चालत उतरा. चपला नकोत, बूट घाला. पाणी जवळ ठेवा आणि परत वर यायचं ते उन्हं कलल्यावर. उतरताना काही वाटत नाही, जीव जातो तो चढताना. पावसाळ्यात तर नावच काढू नका.

खाली मात्र शिव्या विसरलो. ओहोळ समुद्राला मिळायच्या आधीच वाळूच्या बांधाला अडतो आणि माडांखाली गोड्या पाण्याचं हिरवंगार तळं साचतं. लाटांत भिजायचं, वाळू ओलांडायची आणि अंगावरचं मीठ तळ्यात धुवायचं. सोलवटलेल्या गुडघ्याला गोडं पाणीही झोंबतंच म्हणा.

काब द रामचा किल्ला पोर्तुगिजांनी १७६३ मध्ये सौंदेकर राजाकडून (सौंदे आज कर्नाटकात) घेतला. तटावरून समुद्र बघा, तासाभरात उरकतं. दुसऱ्या दिवशी गालजीबाग किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात पडून होतो, सांगण्यासारखं काही घडलं नाही. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, रात्री टॉर्च मारत फिरू नका.

येताना रस्त्याकडेला एका मावशीकडे खोला मिरची मिळाली. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, रंगाने लालभडक. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. अर्धा किलो घेतली. मेहुण्याला त्यातली एकसुद्धा दिलेली नाही.